अकरा पॉइंट आठला थांबायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या मिस्त्रींकडे मी बॅटरीच्या कामासाठी जाते, त्यांच्या दुकानाच्या मागच्या अंगाला मेलेल्या बॅटऱ्या उघडून ठेवलेल्या असतात. झाकण कापलेलं, ॲसिड कॅनमध्ये उतरवून घेतलेलं आणि प्लेटांचे जुडगे पत्र्यावर निथळत पडलेले. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते. शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल फळ्यावर काढून जे मुलांपर्यंत पोचत नाही, ते या पत्र्यावर एका नजरेत कळतं. म्हणून दरवर्षी त्यांना इथं घेऊन येते.

मिस्त्रींनी हातमोजा चढवून एक निगेटिव्ह प्लेट उचलली आणि उजेडात धरली. चांगली प्लेट राखाडी असते, स्क्रूड्रायव्हरनं ओरखडली की आतलं शिसं चकाकतं. ही पांढुरकी पडलेली होती आणि अंगभर बारीक खडे उठलेले होते. त्यांनी टोक फिरवलं, पण चकाकी कुठं दिसेना. नुसती करकर. "ही आपली आपण मेलेली न्हाई," ते मुलांकडं बघत म्हणाले. "पार रिकामी केली आणि महिनाभर तशीच ठिवली. मॅडम, सांगा ह्यास्नी."

सांगण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही बाजूंच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमत जातं आणि ॲसिड पातळ होत होत पाण्याकडं झुकतं. चार्जिंगला लावली की हे सगळं उलटं फिरतं, सल्फेटचं निगेटिव्हवर परत शिसं आणि पॉझिटिव्हवर लेड डायऑक्साइड होतं आणि ॲसिड घट्ट होतं. १८५९ मध्ये गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानं ही जोडी जमवली आणि ट्रॅक्टरपासून इन्व्हर्टरपर्यंत आजही तीच चालते. ताजं सल्फेट बारीक आणि मऊ असतं, चार्जिंगचा करंट मिळाला की निघून जातं. तसंच राहू दिलं तर त्याचे स्फटिक वाढत जातात, घट्ट होतात आणि मग किती का करंट सोडा, परत शिसं व्हायला तयार होत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कामातून गेला तो गेलाच. बॅटरी खोल उपसणं वाईट खरंच, पण उपसून तशीच ठेवणं त्याहून वाईट.

हे सगळं मला आमच्या गाडीमुळं फार जवळचं झालंय. आम्ही टाटा विंगरमध्ये झोपायची, स्वयंपाकाची सोय करून घेतली आहे. नवरा, मी आणि आई, असे तिघं निघतो. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटानं खाली कोकणात, कधी गगनबावड्याला, कधी नुसतंच पन्हाळ्यापलीकडं मसाई पठाराच्या बाजूला एक रात्र. गाडीत बॅटऱ्या दोन. पुढची इंजिनाची, तिचं काम सेल्फ मारण्याचं. तिच्या प्लेटा पातळ आणि भरपूर असतात. क्षणभर शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच इंजिनावर फिरणाऱ्या अल्टरनेटरकडून भरून घ्यायचं, एवढ्याचसाठी ती घडवलेली. मागची बॅटरी आमच्या संसाराची. फ्रिज, पंखा, दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल सगळं तिच्यावर. तिनं रात्रभर सावकाश द्यायचं असतं, म्हणून जाड ट्यूब्युलर प्लेटांची, १५० एएचची (म्हणजे अँपिअर-तासांची) घेतली, घरच्या इन्व्हर्टरला लावतात त्याच जातीची. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि तो वर चढतो. त्यामुळं तिच्या बंद पेटीला वरच्या अंगानं नळी बसवून ती गाडीबाहेर काढली आहे. झोपायच्या जागेत तो साठता कामा नये.

या मागच्या बॅटरीबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की ती कधी "पुरे" म्हणत नाही. पूर्वी पिवळे बल्ब होते तेव्हा बॅटरी उतरली की उजेड मंद व्हायचा, तेवढी तरी खूण मिळायची. आताचे एलईडी दिवे आत उजेड एकसारखा राखणारा ड्रायव्हर घेऊन येतात. बॅटरी साडेअकरा व्होल्टवर येऊ दे, दिवा तितकाच लख्ख. फ्रिज तितकाच गार. पंख्याचा वारा तेवढाच. समोर सगळं छान चाललेलं असतं आणि आत प्लेटा पांढऱ्या पडायला लागलेल्या असतात. हे मला अस्वस्थ करतं. ज्या गोष्टीला स्वतःहून थांबता येत नाही तिला थांबवायची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते, आणि वापरणारा तर रात्री अकरा वाजता पंख्याखाली झोपलेला असतो.

यंत्रं बघून घेतील असं म्हणावं, तर त्यांचे आकडे वेगळ्याच हिशेबानं ठरलेले. घरचा इन्व्हर्टर साधारण १०.५ व्होल्टला मान टाकतो. हा आकडा म्हणजे बॅटरीच्या आतले सहा कप्पे, म्हणजे सेल, प्रत्येकी १.७५ व्होल्ट. बॅटरीची क्षमता मोजताना "आता संपली" असं जिथं धरतात, ती ही रेघ. म्हणजे इन्व्हर्टर कुईकुई करून बंद पडतो तेव्हा त्यानं बॅटरीत काही राखून ठेवलंय असा समज करून घेण्यात अर्थ नाही. तळ गाठूनच तो थांबलेला असतो. गाडीतल्या कॉम्प्रेसर फ्रिजचंही तेच. त्यांना व्होल्टेज उतरलं की बंद होण्याचं स्वतःचं कटऑफ असतं, पण कारखान्यातून येताना ते बऱ्याचदा दहा-साडेदहाच्या आसपास लावलेलं असतं. काहींवर लो, मीडियम, हाय अशा तीन पायऱ्या मिळतात. मागच्या बॅटरीवर चालवताना ती हायवरच ठेवावी, आणि माझं मत विचाराल तर तेवढ्यावरही भागत नाही.

मिस्त्रींच्या दुकानात गळीत हंगामात वेगळ्याच बॅटऱ्यांची गर्दी असते. ऊस घेऊन आलेले ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात नंबर लावून उभे. गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस टाकायच्या जागेपर्यंत, पोचायला तासन् तास लागतात. इंजिन बंद, गाण्यांचा डेक चालू. रात्रीच्या थंडीत जागं राहायला पोरांना तेवढाच आधार असतो. पण ती बॅटरी सेल्फची, पातळ प्लेटांची. तिला असं हळूहळू उपसणं मुळीच सोसत नाही. दोन-चार वेळा तळ दाखवला की पुढच्या हंगामाला ती सेल्फ उचलत नाही. गाडीत मागची बॅटरी वेगळी का हवी, हे मुलांना समजवायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आणि ऑगस्ट २०१९. महापुरात आमच्या भागात बरेच दिवस लाइट नव्हती. गल्लीतल्या घराघरानं इन्व्हर्टर शेवटपर्यंत ओढला, आणि ओढायलाच हवा होता. म्हातारी माणसं, लहान पोरं घरात असताना बॅटरीचं आयुष्य कुणी मोजत बसत नाही. खरं नुकसान त्यानंतर झालं. रिकाम्या बॅटऱ्या लाइट येईपर्यंत तशाच बसून राहिल्या. ज्या घरांत पाणी शिरलं नाही तिथल्यासुद्धा. पूर ओसरल्यावर मिस्त्रींच्या दारात त्यांची रांग लागली. त्यांनी प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ॲसिड किती घट्ट आहे ते, बघितली, मंद करंटवर त्या लावून ठेवल्या, चार्जिंग संपल्यावर परत ग्रॅव्हिटी बघितली. काही उठल्या. बऱ्याच उठल्या नाहीत.

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला पातळीची भाषा शिकवावी लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. जुलै लागला की रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच दोन आकडे. ३९ ला लगेच कुणी घर सोडत नाही, पण जनावरं हलवायची, धान्य माळ्यावर टाकायचं, याची तयारी लागते. ४३ ला वाद घालत बसायचं नसतं. मागच्या बॅटरीला मी अशाच दोन पातळ्या ठरवून दिल्या, फक्त इथं उतरताना मोजायचं. इशारा १२.१ व्होल्टला, धोका ११.८ ला.

हे आकडे कुठल्या तयार तक्त्यातून उचललेले नाहीत, आणि त्यामागचं कारण सांगायलाच हवं, कारण इथं बरेच जण फसतात. सगळीकडं फिरणाऱ्या तक्त्यांत भरलेली बॅटरी १२.७ आणि अर्धी बॅटरी १२.२ असं दिलेलं असतं. ते चूक नाही, पण ते १.२८ ग्रॅव्हिटीच्या ॲसिडासाठी आहे. आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटरीत, इथल्या उष्णतेचा विचार करून, ॲसिड थोडं सौम्य भरतात. २७ अंशांना १.२४०. दुकानात त्याला बाराशे चाळीस म्हणतात. विसावलेल्या सेलचा व्होल्टेज काढायची एक जुनी सोपी रीत आहे, ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवायचे. १.२८ ला २.१२, सहा सेलचे झाले १२.७२. १.२४ ला २.०८, सहा सेलचे १२.४८. म्हणजे आमची बॅटरी काठोकाठ भरली तरी विसावल्यावर साडेबाराच दाखवणार. परक्या तक्त्यावर भरवसा ठेवणारा तिला पाऊणच भरलेली समजेल, चार्जर लावत राहील आणि तिचं पाणी आटवून टाकेल. म्हणूनच सीलबंद बॅटरी न घेता मी झाकणं उघडणारी घेतली. हायड्रोमीटर सेलमध्ये बुडवून जे कळतं ते कुठल्याही डिजिटल मीटरवर कळत नाही. सहापैकी एखादाच सेल मागं पडत असला तरी तो तिथं पकडता येतो.

विसावलेली म्हणजे काय, तेही सांगते. चार्जिंग बंद, लोड बंद, आणि असे काही तास गेलेले. गाडी घाटातून येऊन नुकतीच उभी राहिली की मीटर तेरा दाखवतो. ते तेरा खोटे. पंखा-फ्रिज चालू असताना बारा दाखवतो, तेही पूर्ण खरं नव्हे, कारण लोडखाली व्होल्टेज दबतं. मिक्सर फिरवला तर ते आणखी खाली जातं आणि मिक्सर थांबला की वर येतं. त्यामुळं एका नजरेत बघून घाबरायचं नाही आणि खूशही व्हायचं नाही.

आमच्या दिवसाचा हिशेब असा. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना चार अँपिअर घेतो आणि एप्रिल-मे महिन्यात निम्मा वेळ चालूच असतो. म्हणजे चोवीस तासांत ४८ एएच एकटा फ्रिजच खातो. पंखा दीड अँपिअरचा, रात्रीचे आठ तास, १२. दिवे, पंप, मोबाइल मिळून आठ-दहा. सगळे मिळून सत्तरच्या आसपास. बॅटरी १५० ची, पण निम्म्यावर थांबायचं ठरवलं की वापरायला उरतात ७५. म्हणजे बाहेरून काहीच मिळालं नाही तर एक दिवस, बस. छतावरचं २०० वॉटचं पॅनल उन्हाळ्यात दिवसाला पन्नासेक एएच परत करतं. गाडी चालत असली तर अल्टरनेटरवरचा वीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तीन तासांत तेवढंच देतो. पण शिशाची बॅटरी पहिले ऐंशी टक्के भराभर भरते आणि शेवटचे वीस फार रेंगाळत घेते. नुसत्या प्रवासावर ती कधीच पूर्ण भरत नाही. सहलीवरून परत आल्यावर तिला घरच्या चार्जरवर रात्रभर लावायची, हे आमच्याकडं गाडी धुण्याइतकंच ठरलेलं काम आहे.

निम्म्यावर का थांबायचं, पाऊण का उपसू नये, असं मुलं विचारतात. बॅटरी लगेच मरते म्हणून नव्हे. तिचे एकूण फेरे कमी होतात म्हणून. ८० टक्के उपसत गेलो तर जेवढे फेरे मिळतात, त्याच्या साधारण दुप्पट ५० टक्क्यांवर थांबल्यावर मिळतात. आणि माझ्यासाठी दुसरं कारण जास्त मोठं आहे. निम्म्यावर थांबलं तर दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, पॅनलनं काही दिलं नाही, तरी खाली काहीतरी शिल्लक असतं.

कारण त्या फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन असतं.

वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं, पण न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो. मे महिन्यात उभ्या गाडीच्या आतलं तापमान किती चढतं हे ज्यानं अनुभवलंय त्याला फ्रिज बंद पडण्याचा अर्थ सांगायला नको. सुरुवातीला माझा विचार असा होता की सगळं तोडलं तरी चालेल, फ्रिज तोडायचा नाही. मग लक्षात आलं की हाच विचार बॅटरीला तळाशी नेणार. फ्रिज सगळ्यात जास्त खातो. त्यालाच मोकळं सोडलं तर कटऑफ बसवून उपयोग काय? तेव्हा उलट्या बाजूनं सुरुवात केली. इन्सुलिन फ्रिजवर अवलंबून राहू नये अशी सोय आधी केली. एक चांगला थर्मास, त्यात जेल पॅक, पॅक आणि पेनांच्या मध्ये टॉवेलची घडी, कारण इन्सुलिन गोठलं तर वाया जातं. वापरातल्या पेनासाठी ओल्या कापडाची पिशवी. कोल्हापुरात एप्रिलच्या कोरड्या दुपारी ती सुरेख काम करते, मालवणच्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून तिथं थर्मासच. एवढं झाल्यावर फ्रिजवर कटऑफ बसवायला माझा हात धजला.

आईनं यात स्वतःचा एक वाटा घेतला आहे. सकाळी उठल्यावर शुगर तपासून ती डायरीत लिहिते. त्याच ओळीत शेजारी आता ती मीटरवरचा आकडाही लिहिते. पहाटे, चहाचं आधण ठेवायच्या आधी, पंप-पंखा बंद असताना. फ्रिज तेवढा सुरू असतो, त्यामुळं आकडा पूर्ण विसावलेला नसतो, पण रोज त्याच वेळी त्याच परिस्थितीत घेतलेला असतो, आणि तुलनेला तेवढं पुरतं. "आज बारा पॉइंट दोन. काल तीन होतं. ऊन कमी मिळालं गं काल," असं ती सांगते. मी वर्गात शिकवते ते तिला असं रोज वापरताना बघून मला फार बरं वाटतं.

आता कटऑफबद्दल. बाजारात बॅटरी प्रोटेक्टर किंवा लो व्होल्टेज डिस्कनेक्ट या नावानं ते मिळतं. बॅटरी आणि सगळ्या लोडच्या मध्ये बसतं, व्होल्टेज बघत राहतं, ठरलेल्या आकड्याखाली गेलं की लाइन तोडतं. बसवताना तीन-चार गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि त्या सांभाळल्या नाहीत तर ते डोकेदुखी होऊन बसतं. पहिली म्हणजे विलंब. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज दबतं. तेवढ्यावर लाइन तुटली तर फ्रिज कधी चालूच होणार नाही. म्हणून व्होल्टेज सलग मिनिट-दीड मिनिट खाली राहिलं तरच तोडायचं. दुसरी, परत जोडायचा आकडा. लोड सुटला की बॅटरी आपोआप थोडी वर येते. ११.८ ला तोडलं आणि १२.० ला परत जोडलं तर पाच मिनिटांत फ्रिज चालू, परत बंद, परत चालू, असं रात्रभर सुरू राहील आणि बॅटरी आणखी खाली जाईल. आम्ही परत जोडायचा आकडा १२.८ ठेवलाय. आमची बॅटरी नुसती विसावून तिथं कधीच पोचणार नाही. ऊन आलं किंवा इंजिन चालू झालं, म्हणजे बाहेरून खरोखर काही यायला लागलं, तरच ती परत जोडली जाईल.

तिसरी गोष्ट वायरची, आणि यावर मी वर्गात अख्खा तास घेते. गाडीत फ्रिज मागं आणि बॅटरी पुढच्या सीटखाली असेल तर वायर जाऊन-येऊन बारा मीटर सहज होते. दीड एमएमची तांब्याची वायर मीटरला सुमारे १२ मिलिओहम. बारा मीटरचे ०.१४५ ओहम. पाच अँपिअर गेले की वायरीतच पाऊण व्होल्ट संपला. बॅटरीवर १२.३ असतील तेव्हा फ्रिजजवळ ११.६ दिसतील. अशा ठिकाणी कटऑफ बसवलं तर ते चांगली भरलेली बॅटरी रिकामी समजून तोडणार, आणि मग माणूस वैतागून आकडा खाली आणणार, अगदी साडेदहापर्यंत. सहा एमएमची वायर घेतली तर तोच फरक ०.२ च्या आत येतो. म्हणून कटऑफ बॅटरीला खेटून, आणि तिथून पुढं जाड वायर. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज. इन्व्हर्टर मात्र या कटऑफमधून घ्यायचा नाही. त्याच्या आतले मोठे कपॅसिटर जोडताक्षणी इतका करंट ओढतात की कटऑफला शॉर्ट झाल्यासारखं वाटतं. त्याला त्याच्या रिमोट स्विचमधून बंद करायचं, आणि तेही लवकर. आमचा १२.० लाच बंद होतो. मिक्सर पाचशे वॉटचा म्हणजे बॅटरीकडून चाळीसहून जास्त अँपिअर, आणि बॅटरी जितकी जोरात ओढावी तितकी तिची एकूण क्षमताही घटते. चटणी पाट्यावर वाटता येते. दाजीपूरच्या जंगलाकडेला बसून वाटलेली तर मला जास्तच आवडते.

यावरून घरात बराच वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, एक बायपासचं बटण ठेवू. रात्री-अपरात्री नड आली तर? त्याचा मुद्दा खोटा नव्हता. पण नड रोजच येते. उकाडा असतो, क्रिकेटची मॅच रंगलेली असते, मोबाइल दहा टक्क्यांवर असतो. बटण हाताशी असलं की अर्ध्या झोपेत ते दाबलं जाणार, आणि प्लेटा पांढऱ्या पडलेल्या कुणाला दिसणार नाहीत. मर्यादा दिवसाउजेडी, पोट भरलेलं असताना, कुणालाच काही नको असताना ठरवावी आणि मग तिच्या वाटेला जाऊ नये. खरी नड आली तर इंजिन आहे. पुढची बॅटरी आपण वेगळी राखली ती त्यासाठीच. मोकळ्या जागी गाडी थोडा वेळ चालू ठेवली की डीसी-डीसी चार्जर मागची भरायला लागतो. मात्र आत माणसं झोपलेली असताना इंजिन चालू ठेवायचं नाही, धुराचा धोका असतो.

दोन गोष्टी मात्र आम्ही कटऑफच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून घेतल्या. एक गॅस गळतीचा अलार्म, कारण गाडीत सिलिंडर आहे आणि जिवाशी खेळ नको. दुसरा दारापाशी दोन वॉटचा छोटा दिवा. तो नवऱ्यानं सुचवला. आईला रात्री उठावं लागतं, आणि कटऑफ पडलं म्हणून तिनं अंधारात चाचपडावं हे बरोबर नाही. दोन वॉट म्हणजे अँपिअरचा सहावा हिस्सा. रात्रभर जळला तरी दीड एएचसुद्धा होत नाही.

पण हाच थेट जोडलेला अलार्म उभ्या गाडीत घात करू शकतो, आणि आमच्याकडं गाडी बराच काळ उभी असते. जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावड्याच्या पावसात गाडी घेऊन जाणं आईच्या तब्येतीला झेपत नाही. शेडखाली पॅनलला ऊन नाही. अलार्म ०.१ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला अडीच एएच. टेपची मेमरी, यूएसबी सॉकेटचे निळे दिवे, बंद आहे असं वाटणाऱ्या इन्व्हर्टरचा स्टँडबाय, असे सगळे मिळून अर्धा अँपिअर झाला तर दिवसाला १२. आठवड्याच्या आत बॅटरी धोका पातळीखाली, आणि कुणी काहीही वापरलेलं नसताना. मिस्त्रींच्या पत्र्यावरच्या कितीतरी बॅटऱ्या अशाच बसून बसून मेलेल्या असतात. म्हणून पावसाळ्याआधी सिलिंडर उतरवायचा, मग अलार्म बंद करायचा, मग निगेटिव्हचा आयसोलेटर, म्हणजे लाइन तोडायचा स्विच, फिरवून बॅटरी पूर्ण सोडवायची. क्रम हाच. तरीही ती स्वतःची स्वतः थोडी उतरत राहते, उष्ण हवेत जास्त वेगानं, तेव्हा महिन्यातून एकदा चार्जरवर पूर्ण भरायची, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायची, टर्मिनलवर खार धरला असेल तर गरम पाण्यानं धुऊन, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावायची.

यापुढं लिथियमचा विषय निघणारच, आमच्याकडंही निघालाय. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी अर्ध्यावर राहिली तर तिला काही होत नाही, उलट बरंच वाटतं. तिला सल्फेटचा रोग नाही, वजन निम्म्याहून कमी, ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येते. पण तळ तिलाही गाठू द्यायचा नसतो. आत बसवलेलं बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) सेलमागं अडीच व्होल्टच्या आसपास, म्हणजे सगळी मिळून दहाला, लाइन तोडतं, आणि ती शेवटची भिंत आहे, रोज धडकायची नव्हे. एकदा बीएमएसनं तोडलं की टर्मिनलवर काहीच दिसत नाही, आणि काही सोलर चार्जर समोर बॅटरी आहे हेच ओळखत नाहीत. आणि तिचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात तेराच्या आसपास सपाट राहतो. नव्वद टक्के आणि चाळीस टक्के यांतला फरक मीटरवर फारसा दिसत नाही. आईच्या डायरीतल्या रकान्याचा तिथं उपयोग राहणार नाही. शंट बसवून आत किती गेले, बाहेर किती आले, हे अँपिअर-तास मोजावे लागतील.

ही ट्यूब्युलर अजून चांगली चालते आहे. मागच्या तपासणीत सहाही सेल बाराशे चाळीसच्या जवळपास होते. ती थकेल तेव्हा लिथियम घ्यायची, असं आमचं ठरतंय. कटऑफ तेव्हाही राहील, बीएमएसच्या बराच वर, साधारण बारा-साडेबाराच्या मध्ये कुठंतरी. नेमका आकडा शंट लावून एक उन्हाळा मोजल्यावर ठरवू.